फळीवरचा चिखल

१

गाडीखाली शिरायचं तर आधी डोळ्यांचा बंदोबस्त करावा लागतो. मी आमच्या दातांच्या लॅबमधला जुना जाड चष्मा लावायचे, कवळ्या घासताना वापरतात तो. डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा विटका शर्ट, पाठीखाली खोक्याचा पुठ्ठा. मग उताणं सरकत आत जायचं आणि वर बघत तारेचा ब्रश चालवायचा. सुरुवातीला नुसती माती तोंडावर पडते. थोड्या वेळाने एका जागी पत्रा चमकतो आणि तेवढ्या तळहाताएवढ्या चकाकीने माणूस हट्टाला पेटतो. मग जेवायची हाक आली तरी बाहेर येववत नाही.

गाडी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. दादा दवाखान्यांना यंत्रं विकायचा आणि महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो डोंगरापलीकडच्या शहरात जायला निघाला आणि पोचला नाही. गाडी मिळाली. घाटातल्या एका वळणापाशी, रस्ता सोडून जरा आत, नीट लावलेली. किल्ली आत, कोट मागच्या सीटवर, पाण्याची बाटली अर्धी. पोलिसांनी दरी पालथी घातली, कुत्री आणून पाहिली. काही हाती लागलं नाही. शेवटी गाडी ओढून आणून त्यांनी आमच्या दारात सोडली, माझी सही घेतली आणि ते गेले. तेव्हापासून ती आईच्या घराखालच्या गॅरेजमध्ये ताडपत्री पांघरून उभी होती. आई एकटी पडू नये म्हणून मी आणि माझा नवरा इथेच राहायला आलो होतो.

"उभ्या उभ्या कुजतेय ती," आई एक दिवस पत्ते लावता लावता म्हणाली. आई एकटीच पत्त्यांचा डाव मांडते आणि त्यातही लबाडी करते. "चालवा तरी, नाहीतर विका. तो आला की त्याला काय गंजका सांगाडा दाखवणार आहात?"

तो आला की. आई असंच बोलायची.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात आहे. उघडं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. माझ्या लॅबची नवी शाखा डोंगराच्या अंगाला निघत होती आणि मला तिकडे जाऊन-येऊन करावं लागणार होतं, तेवढं निमित्त त्याला पुरलं. जाड स्प्रिंगा, नवे शॉकअप, मोठे ब्रेक, नवा सायलेन्सर, असं त्याने ठरवूनच टाकलं.

"पण आधी खालून लख्ख झाली पाहिजे," तो म्हणाला. "मातीखाली तडा आहे की नाही ते दिसायला नको का? काढणं माझ्याकडे, घासणं तुझ्याकडे."

"म्हणजे नेहमीसारखंच."

"भांडी मी घासतो," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

२

खालची माती पांढरी होती. आमच्या भागातली माती काळपट. ही खडूसारखी, चिमटीत धरली की पीठ होणारी. घाटातली. दादाने चाकांखाली घातलेला शेवटचा रस्ता मी खरवडून काढतेय, हे मनात यायचंच. तरी हात थांबत नव्हते. त्याच्यासाठी काही करण्यासारखं मला दोन वर्षांत मिळालेलं हे पहिलंच काम होतं.

आई एकदा जिना उतरून खाली आली. मी झाडून केलेल्या ढिगाशी उभी राहिली.

"ही तिथली का?"

"हो."

तिने चपलेच्या टोकाने ढीग जरासा हलवून पाहिला. "किती बारीक आहे," एवढं म्हणाली आणि वर गेली.

नवरा एकेक पार्ट सोडवून माझ्या हातात द्यायचा. मी तो डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून घासायचे, कोरडा करायचे आणि भिंतीवरच्या फळीवर, वर्तमानपत्र अंथरून, मांडायचे. नवे बसून गाडी नीट धावेपर्यंत जुने फेकायचे नाहीत, असा नवऱ्याचा नियम आहे. शॉकअप, ब्रेकच्या गोल डिस्क, ब्रेक पॅड, सायलेन्सरचा मागचा तुकडा. धुऊन पुसून ओळीने मांडल्यावर ते मला दवाखान्यातल्या पेशंटांसारखे दिसले.

पॅड मी जरा जास्त वेळ हातात धरले. माझं निम्मं आयुष्य झीज बघण्यात गेलंय. कवळी हातात आली की माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, मनातल्या मनात चिडतो का, हे मला त्याचं तोंड न बघता सांगता येतं. दादाचे पॅड सगळे सारखे झिजले होते आणि अगदी थोडे. गाडी मला त्यानेच शिकवली. "ब्रेक दाबावा लागला म्हणजे पुढचं तुला वेळेवर दिसलं नाही," असं म्हणायचा. लांब कुठे ट्रक दिसला की नुसता पाय उचलायचा, गाडी आपली आपण मंदावायची. मागे झोपलेलं माणूस जागं होत नसे.

त्या पॅडवर अंगठा फिरवताना मला रडू आलं. नवऱ्याने पाहिलं आणि पाना शोधायच्या निमित्ताने तो बाहेर गेला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला निघण्याआधी मी गॅरेजमध्ये डोकावले. एका शॉकअपच्या वाटीत चिखल होता. पांढरा, ओला.

मी वैतागले, घाबरले नाही. आपलंच काम कच्चं राहिलं असं वाटलं. रबराच्या टोपीखाली माती दबून राहिली असणार, डिझेलने ती भिजली आणि ओघळली. मी ती पुसली. टोपी उचकटून आतून ब्रश फिरवला. फळीवरचा भिजलेला कागद बदलला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या शॉकअपवर चिखल होता. डिस्कवरही बारीक शिंतोडे होते, सगळे एकाच दिशेने उडालेले. पॅडवर काळी भुकटी होती. ही भुकटी ब्रेक दाबल्याशिवाय होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी स्वतःला सांगितलं की पुसताना कोपऱ्यात राहिली असेल.

"झोपेत येऊन तूच माखतेस की काय?" नवरा म्हणाला. "मग स्वतःच घासायचं. कौतुक करायला आम्ही आहोतच."

"गाडी बघ," मी म्हटलं.

त्याने दिवा घेऊन गाडीखाली पाहिलं. गाडी लोखंडी स्टँडवर, चाकं काढलेली. मी घासलेला पत्रा जसाच्या तसा चमकत होता. तिच्यावर कण नव्हता. घाण फक्त तिच्यातून काढलेल्या पार्टवर होती.

नवऱ्याने छत पाहिलं, भिंतीला ओल आहे का पाहिलं, उंदराची बिळं शोधली. मग त्याने एक शॉकअप माझ्याकडून धुऊन घेतला, पुसला, प्लास्टिकच्या जाड पिशवीत घातला आणि पिशवीच्या तोंडाला तार आवळली. त्याच्या गाठी त्याच्याखेरीज कुणाला सुटत नाहीत.

सकाळी तार तशीच होती. पिशवी कुठे फाटलेली नव्हती. आतून ती चिखलाने माखली होती आणि तळाशी पांढऱ्या पाण्याचा ओघळ साचला होता.

नवऱ्याने ती पिशवी दिव्यासमोर धरून सगळीकडून दाबून पाहिली. एरवी त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक कारण तयार असतं.

४

सुट्टीच्या दिवशी आम्ही खाली दोन स्टुलं टाकली. नवऱ्याने स्वच्छ डिस्क मांडीवर फडकं घालून त्यावर ठेवली आणि आम्ही तिच्याकडे बघत बसलो. आई वर रेडिओ ऐकत होती, तिच्या खुर्चीची करकर छतातून ऐकू येत होती. बराच वेळ काही झालं नाही. मला हसू यायला लागलं. दोन चांगली शहाणी माणसं एका लोखंडी थाळीसमोर बसली होती.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"थांब," नवरा म्हणाला. "हात लाव."

डिस्क कोमट होती.

"तुझ्या मांडीने झाली असेल."

"माझी मांडी एवढी तापत नाही."

कोमटाची गरम झाली. गॅरेजमध्ये वास आला, घाट उतरल्यावर गाडीला येतो तो, जळक्या ब्रेकचा. मग आमच्या डोळ्यांदेखत डिस्कच्या कडेला एक बारीक चमकदार रेघ उमटली. पॅडमध्ये खडा अडकला की पडते तशी. ती हळूहळू वळत गेली आणि वर्तुळ पुरं झालं.

नवऱ्याने डिस्क फडक्यासकट जमिनीवर ठेवली. हात पँटला पुसले. पुन्हा पुसले.

"ही गाडी चालतेय कुठेतरी," मी म्हटलं.

त्याने दिव्याचं बटण बंद केलं, लगेच पुन्हा लावलं. "गाडी इथे आहे," तो म्हणाला. "हे बघ, ही. माझ्या खांद्याला लागतोय तिचा बंपर."

"मला दिसतंय."

"मग असं बोलू नकोस."

५

त्यानंतर मी रोज सकाळी पार्ट धुवायला लागले. नवऱ्याला मी सांगत असे की नवे बसेपर्यंत जुने ठीक राहिले पाहिजेत. खरं कारण वेगळं होतं. मला माती बघायची असायची.

कारण माती बदलत होती. पांढरी संपली आणि शॉकअपवर राखाडी पूड यायला लागली. घाटाच्या पायथ्याला खडी फोडण्याचं मोठं यंत्र आहे, तिथली झाडंसुद्धा त्या पुडीने राखाडी झालेली असतात. काही दिवसांनी पुडीत लाकडाचा भुसा आला, ओला, नारिंगी. पायथ्यापासून आमच्या शहराकडे निघालं की लाकडाच्या वखारी लागतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मग तलावाकाठचा चिकट काळा गाळ.

घाटातून आमच्या घरी येणारा तो रस्ता होता. उलट्या क्रमाने मला तोंडपाठ असलेला. फार सावकाश चालला होता तो. पायी निघालेलं माणूसही याहून लवकर पोचलं असतं. पण चालला होता आणि इकडेच येत होता.

मला आनंद झाला. नंतर जे झालं त्यामुळे हे सांगायला जड जातं, पण त्या दिवसांत मी लॅबमध्ये गुणगुणायचे. बरोबरच्या बाईने विचारलं, घरी काही गोड बातमी आहे का. मी म्हटलं, भाऊ परत यायचाय बहुतेक.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आईंना सांगायचं का?"

"नको. आणि नाही आला तर?"

"आला तर काय, हे मला विचारायचंय," तो म्हणाला.

६

मातीकडे बघण्याच्या नादात माझं झिजेकडे लक्षच नव्हतं. माझ्यासारखीने हे म्हणणं लाजिरवाणं आहे.

एका सकाळी पॅड धुताना अंगठ्याला ते तिरके लागले. मी ते उजेडात नेले. इतक्या वर्षांत दादाने झिजवले नसतील तेवढे ते या थोड्या दिवसांत झिजले होते आणि एका कडेला जास्त. डिस्क जळून निळी पडली होती. सायलेन्सरच्या तुकड्याला खालून मोठा पोचा होता. गाडी दगडावर आपटली की येतो तसा. एका शॉकअपचा दांडा वाकला होता.

मी पुठ्ठ्यावर खाली बसले आणि कवळी वाचते तसे ते पार्ट वाचले.

चालवणाऱ्याला ब्रेक कधी दाबायचा ते कळत नव्हतं. वळण संपल्यावर दाबत होता. खड्डा आल्यावर दाबत होता. मध्येच बराच वेळ दाबून ठेवत होता, गाडी पुढे ओढत असतानाही. पायाला काय काय सापडतं हे तो चाचपून बघत होता, असं मला वाटलं. मला आठवलं, मीही शिकताना अशीच होते. दादा बाजूला बसून हसायचा.

पुढच्या दिवसांत मी फक्त झीज बघितली. ती कमी होत गेली. कडा सरळ व्हायला लागल्या, नवा पोचा आला नाही. रस्ता जवळ येत होता आणि त्याबरोबर त्याचा हात बसत होता.

एका संध्याकाळी मी नवऱ्याला पॅड दाखवले. "हा दादाचा पाय नाही."

त्याने ते उलटसुलट पाहिले. "उद्या भंगारवाल्याला बोलावतो," तो म्हणाला. "सगळं घेऊन जाऊ दे. वितळवू दे."

"नाही."

"तूच म्हणतेस हा तो नाही म्हणून."

"दोन वर्षं कुठे कसा राहिला असेल, कोण जाणे. पायाला लागलं असेल. विसरला असेल चालवायचं. माणूस बोलणंसुद्धा विसरतं."

"तुला पटतंय हे?"

"पटत नाही," मी म्हटलं. "पण तोच असला आणि आपणच त्याची गाडी वितळवली तर? एवढं अंतर आल्यावर?"

नवऱ्याने पॅड फळीवर परत ठेवले. मग म्हणाला, "मी आता नवे पार्ट बसवून टाकतो. निदान ही गाडी खरी गाडी होऊ दे." बायकोच्या माहेरच्या भानगडीत माणूस याहून जास्त काय करणार. तो उभा राहिला आणि कामाला लागला. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे ब्रेक, सायलेन्सर. मध्यरात्र उलटल्यावर गाडी स्टँडवरून उतरली आणि आपल्या चाकांवर, पूर्वीपेक्षा चार बोटं उंच, उभी राहिली.

फळीवरच्या सायलेन्सरच्या तुकड्यावर तेव्हा ताज्या डांबराचे काळे ठिपके होते. आमच्या शहराच्या मोठ्या रस्त्यावर त्या आठवड्यात डांबर घालत होते.

७

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. नवऱ्याने पण घेतली होती, पण दुपारी कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली आणि त्याला जावं लागलं. दारातून तो दोनदा परत वळला.

"मी येईपर्यंत काही उघडू नकोस," तो म्हणाला.

दुपार छान होती. ऊन स्वच्छ, गल्ली रिकामी, कुणाच्या तरी गच्चीत गादी झोडपल्याचा आवाज. मी गॅरेजमध्ये फळीसमोर उभी होते. डिस्कच्या भोकांमध्ये लाल चुरा अडकलेला दिसला. तो मी नखाने काढला. विटांचा चुरा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डे पडले होते, तिथे शेजाऱ्यांनी आणि नवऱ्याने मिळून तुटक्या विटा टाकल्या होत्या. दुसरीकडे कुठे असला रस्ता मला माहीत नाही.

डिस्कला बोट लावलं तर चटका बसला.

आणि मग ते गल्लीतून ऐकू आलं. दादाच्या सायलेन्सरला एक जुनी फट होती, त्यामुळे गाडी हळू झाली की घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा. तो तुकडा माझ्यासमोर फळीवर पडला होता आणि आवाज बाहेरून येत होता. फाटकाशी येऊन तो थांबला. इंजिन बंद झालं. फळीवरचं लोखंड निवताना टिक् टिक् वाजायला लागलं.

मी जिन्याने वर धावले. मला आईच्या आधी दाराशी पोचायचं होतं. दार उघडायला की अडवायला, ते मला अजून सांगता येत नाही.

८

आई दाराशी नव्हती. ती खिडकीशी उभी होती, पडदा बोटभर बाजूला सारून.

"आई, मी बघते," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. मागे न वळता तिने हात पसरून मला आपल्याजवळ ओढलं.

फाटकाबाहेर दादाची गाडी उभी होती. तोच रंग, टपावर तोच ओरखडा, त्याच नंबराची पाटी. आमच्या पायांखाली, एक मजला खाली, तीच गाडी नव्या स्प्रिंगांवर उभी होती. मी ती आत्ता पाहून आले होते. बाहेरची चाकांपासून खिडक्यांपर्यंत मातीने लिंपलेली होती, थरावर थर. काचेवर ऊन पडलं होतं त्यामुळे आतला चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त हात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोरासमोर, नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात तसे अगदी घट्ट धरलेले. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. हात पांढरे होते. गोरे नाही, त्या मातीसारखे पांढरे.

कुणी उतरत नव्हतं.

मग त्यातला एक हात उचलला गेला आणि आमच्या दिशेने हलला. ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण हलवतो तसा नाही. काच पुसताना हलवतात तसा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, एकसारखा. त्याने कधी लांबून लोकांना हात हलवताना पाहिलं असावं आणि कशासाठी ते कळलं नसावं.

"हाक मारायची वाट बघतोय," आई हळू आवाजात म्हणाली.

"कोण?"

"आपला असता तर एव्हाना स्वयंपाकघरात असता. पातेल्यांवरची झाकणं उघडून बघत." तिने पडदा सोडला. "खाली बस. हाक मारायची नाही. नावाने नाही, कशानेच नाही."

आम्ही दोघी खिडकीखाली जमिनीवर बसलो. तिने माझं मनगट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

"आई, दादाच असला तर?"

तिने माझं मनगट आणखी आवळलं.

"दोन वर्षं मी त्याला हाका मारतेय," ती म्हणाली. "मनातल्या मनात. सकाळ-संध्याकाळ. त्याला ऐकू गेल्या नाहीत. दुसऱ्याच कुणी ऐकल्या."

बाहेर काही वाजलं नाही. गाडीचं दार नाही, पाऊल नाही. गच्चीतली गादी झोडपणं थांबलं होतं. मी आईच्या हाताकडे बघत राहिले. मला वाटत होतं की आता ती ओरडेल, किंवा मी ओरडेन, आणि दोघींपैकी एकीच्या तोंडून ते नाव जाईल. आईने आपलं दुसरं मनगट दाताखाली धरलं होतं.

ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा इंजिन सुरू झालं. पहिला गिअर पडला. आवाजसुद्धा झाला नाही, लोण्यातून सुरी जावी तसा. गाडी गल्लीतून निघाली, विटांच्या चुऱ्यावर जराशी करकरली आणि वळणावर मंद झाली. ब्रेक न दाबता.

९

त्या संध्याकाळी आईने दादाचं कपाट उघडलं. शर्ट, स्वेटर, पट्टे, सगळं पलंगावर काढलं. प्रत्येक कपडा झटकून, घडी घालून तिने दोन पिशव्यांत भरला आणि मग त्या पिशव्यांच्या मध्ये बसून रडली. दोन वर्षांत मी तिला प्रथमच रडताना पाहिलं. नवरा आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "माझा मुलगा गेला." त्याला वाटलं आत्ताच काही बातमी आली. मी खुणेने त्याला गप्प केलं. तो तिच्याजवळ बसून राहिला.

नंतर त्याला मी दुपारचं सगळं सांगितलं, आणि आईला फळीवरच्या मातीचं. तो सरळ गॅरेजमध्ये गेला आणि पार्ट पोत्यात भरायला लागला. "उद्या सकाळी भंगारात."

"राहू द्या ते," आई जिन्यावरून म्हणाली. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. "ते टाकले तर तो कुठे आहे हे आपल्याला कळणार कसं?"

नवऱ्याने पार्ट पुन्हा फळीवर मांडले.

तेव्हापासून ते आईच धुते. सकाळी चहा झाला की बाह्या वर करून खाली उतरते, माझा जाड चष्मा लावते आणि एकेक पार्ट उजेडात धरून बघते. मी लॅबला निघताना ती मला सांगते. "लाल आहे, आपली नव्हे." "वाळू आहे. शंखाचा तुकडा निघाला. फार लांब गेलाय." पॅड मी बघते. झीज चारही बाजूंनी सारखी असते आता आणि अगदी थोडी. नुसतं बघून मलाही फरक सांगता आला नसता.

दादाची गाडी मी वापरते. डोंगराच्या अंगाला जाते, येते. नवे ब्रेक चांगले आहेत, हलक्या पायाने लागतात.

आज सकाळी मी खाली गेले तेव्हा आई हातात ब्रश धरून फळीसमोर नुसतीच उभी होती. डिझेलचा ट्रे भरलेला, तसाच.

"काय झालं?"

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली.

मी डिस्क उचलली. कोरडी होती. गार होती. शॉकअपवर कण नव्हता. कालचा कागदसुद्धा कोरा.

"बरं झालं की," मी म्हटलं. "संपलं म्हणजे."

आईने ब्रश खाली ठेवला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा एकदा ते सगळे पार्ट नीट पाहिले.

"गाडी थांबलीय कुणाच्या तरी दारात," ती म्हणाली. "कुणीतरी हाक मारली त्याला."